मदत हवी आहे: 'बालवर्गात नुसतं खेळवतात' म्हणणाऱ्या पालकांना काय दाखवू?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी मी साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांचा बालवर्ग चालवते. २२ मुलं, मी आणि एक मदतनीस ताई. यंदा जूनपासून सगळं खेळातूनच घ्यायचं ठरवलं आणि मुलं छान रमलीत. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकांची कुरकुर वाढलीय. गावातल्या एका इंग्रजी शाळेत याच वयाची मुलं शंभरपर्यंत अंक लिहितात, रोज गृहपाठ घेऊन येतात. "फी भरायची आणि तुमच्याकडे नुसतं खेळवतात," हे फाटकात ऐकावं लागतं. दोघांनी तर पुढच्या वर्षी मूल काढणार असं सांगूनही टाकलंय.

वर्गात मुलं मोकाट सोडलेली नसतात. पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षं) २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि नियम-रचना असलेला खेळ असे तीन प्रकार दिलेत, ते तिन्ही आमच्याकडे रोज होतात. सकाळी आल्याआल्या ज्याला जे हवं ते: भातुकली, ठोकळे, वाळू. मग गोलात बसून गाणी-गप्पा. त्यानंतर मी काहीतरी मनात धरून मांडलेला खेळ.

परवाचंच सांगते. पाण्याच्या कोपऱ्यात तांब्या, फुलपात्र आणि एक उंच अरुंद ग्लास ठेवला होता. एका मुलीने फुलपात्रातलं पाणी ग्लासात ओतलं आणि ओरडली, "वाढलं!" शेजारचा म्हणाला, "नाय वाढलं, तेवढंच हाय." मी एवढंच विचारलं, "कसं कळेल?" पाणी परत फुलपात्रात आलं, बरोबर काठोकाठ. तरी तिला पटेना, कारण ग्लासात ते वर गेलेलं तिने पाहिलं होतं. पुन्हा ओतलं, पुन्हा वाद. दोघं बराच वेळ तिथून हलली नाहीत. अंदाज करणं, ताडून बघणं, दुसऱ्याचं ऐकून आपलं म्हणणं लावून धरणं, न सांडता धार सोडणं, एवढं सगळं त्यात झालं. पण घरी न्यायला त्याचा कागद नाही. आईने विचारलं तर ती सांगणार, "पाणी-पाणी खेळलो."

हे शिकणं पालकांना दिसावं म्हणून तुम्ही काय करता? व्हॉट्सॲपवर फोटो टाकते, अंगठे येतात, पण फोटोत मूल खेळतानाच दिसतं. दुसरा प्रश्न पेन्सिलीचा. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात, म्हणून मी माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, रव्यात बोटाने रेघा काढणं यावर भर देते. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांना अक्षरओळख कितपत द्यावी? आणि साहित्य महाग पडतं, त्यावरही सुचवा.

प्रतिसाद:
ताई, वर्ग अजिबात बदलू नका. मी बरीच वर्षं बालवाडी चालवलीय. सभा घेऊन समजावण्यापेक्षा पालकांना खेळायला बसवा. प्रत्येक कोपऱ्यात एक चिठ्ठी ठेवा: 'मूल अडलं की काय करतं ते बघा', 'किती वस्तू न मोजता सांगतं ते बघा'. आई-बाबा मुलाशेजारी बसून स्वतः बघतात, तेव्हा पटतं. शिवाय प्रत्येक मुलाची एक वही करा, ती तुम्ही लिहायची. तारीख आणि मुलाचंच एखादं वाक्य. "नाय वाढलं, तेवढंच हाय" हे त्या मुलाच्या वहीत आजच लिहा. तुम्ही म्हणता त्या आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना परीक्षा अजिबात योग्य नाही असं म्हटलंय, म्हणजे दुसरीपर्यंत! तेवढं पान पालकांना वाचून दाखवा.
साहित्याचं म्हणाल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे जवळच्या कोसबाडला नेलं. माँटेसरी या बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं वापरली. चिंचोके, बाटल्यांची बुचणं, नारळाच्या करवंट्या जमवा, वर्गीकरण आणि मोजणं दोन्ही होतं.

प्रतिसाद:
पालक म्हणून लिहितो. आम्हाला भीती असते ती पुढच्या शाळेची. आपलं मूल तिथे मागे पडेल का, एवढंच डोक्यात असतं. त्यामुळे आजचा खेळ उद्या कुठे पोचतो ते दाखवा. दुकान-दुकान खेळताना पाच चिंचोके देऊन दोन परत घेतले, ती पुढची वजाबाकी. अक्षरांसाठी आमच्या मुलीच्या बाई प्रत्येकाच्या नावाची पट्टी करायच्या, मूल आल्यावर आपली पट्टी शोधून टांगायचं. महिन्याभरात तिला मैत्रिणींचीही नावं ओळखता यायला लागली, पेन्सिल हातात न घेता.

प्रतिसाद (धागाकर्ती):
दोघांचेही मनापासून आभार. वह्या सोमवारपासून सुरू करते, नावांच्या पट्ट्याही. पालकांचा खेळ आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवेन, त्या दिवशी वाड्यांवरचे लोक गावात असतातच. पण आया येतील, वडील टाळतील असं वाटतंय, आणि मूल काढायचं दोन्ही घरी वडीलच म्हणताहेत. वडिलांना वर्गात आणायला कुणी काय केलंय? आणि कोपऱ्यातल्या चिठ्ठ्यांचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका.