मदत हवी आहे: लिलावात घेतलेल्या फ्लॅटचे उरलेले पैसे भरायला मुदतवाढ, अर्जाचा नमुना आहे का कुणाकडे?

अडकलोय_पुणे
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. बँकेच्या ऑनलाइन लिलावात फ्लॅट लागला माझ्या नावावर, 25 टक्के भरून झालेत, उरलेल्याची मुदत संपत आलीय आणि होमलोनवाल्यांनी ऐनवेळी हात वर केले. मुदतवाढीसाठी अर्ज द्यायचाय, कुणाकडे नमुना असेल तर टाका प्लीज, मराठी इंग्रजी काहीही चालेल. वकिलाकडे जा सांगू नका, आमचा वकील गावाला गेलाय आणि फोन उचलत नाहीये. अर्जंट.

खडूस_सदस्य
कुठली बँक, किती रक्कम, लिलाव कधी झाला, लोन का नाकारलं? का ते पण आम्हीच ओळखायचं?

अडकलोय_पुणे
बँक कुठली त्याने काय फरक पडतो. रक्कम 41 लाख. लिलाव 9 तारखेला. नमुना असेल तर द्या.

माजी_शाखाधिकारी
फरक पडतो. 31 वर्षं बँकेत काढली म्हणून सांगतो. सरफेसी कायद्याखाली (कर्ज थकलं की बँक कोर्टात न जाता तारण विकते तो कायदा) लिलाव असेल तर नियम वेगळे आणि सहकारी संस्थेने सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन नियम 107 खाली केला असेल तर वेगळे. सहकारी बँक आहे म्हणजे 107च असं पण नाही, 2020 साली सुप्रीम कोर्टाने सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे म्हणून सांगून टाकलंय. विक्रीची जाहीर नोटीस काढा आणि वर कुठला कायदा लिहिलाय ते बघा. तोवर नमुना देऊन उपयोग नाही.

अडकलोय_पुणे
सरफेसी आहे. सरकारी बँक आहे. आता?

रेणुका_के
मी वकील नाही पण दोन लिलाव स्वतः केलेत. सरफेसीच्या नियमांतल्या नियम 9 चा उपनियम 4 बघा, उरलेली रक्कम विक्री कन्फर्म झाल्यापासून 15 दिवसांत भरायची, लिलावापासून नव्हे. कन्फर्मेशनचं पत्र किती तारखेचं आहे? बँक लेखी कबूल झाली तर मुदत वाढते, पण काहीही झालं तरी तीन महिन्यांच्या वर नाही. लेखी हा शब्द लक्षात ठेवा, काउंटरवरचा साहेब "होऊन जाईल हो" म्हणाला त्याला काडीची किंमत नाही.

अडकलोय_पुणे
अरे वा, पत्र 12 चं आहे. म्हणजे 27 पर्यंत वेळ आहे, मी 24 धरून बसलो होतो. थँक्यू ताई. आज 19 आहे. नमुना??

गाळेवाला
भाऊ नमुन्याचं नंतर बघू, आधी सांग ताबा कसला आहे? सिम्बॉलिक का फिजिकल, म्हणजे नुसता कागदावरचा का प्रत्यक्ष? मी 2019 ला गाळा घेतलेला लिलावात, कागद सगळे चोख, पैसे भरले, विक्रीचं सर्टिफिकेट हातात आणि गाळ्यात आधीच्या मालकाचा मेहुणा मोबाइल दुरुस्ती करत बसलेला, दोन वर्षं मी त्याच्याच दुकानात जाऊन चहा पीत होतो हफ्ते भरत भरत. बँक म्हणते जसं आहे जिथे आहे तसं विकलंय.

अडकलोय_पुणे
ताब्याचं मला वाटतं सिम्बॉलिक लिहिलंय. पण माझा प्रश्न तो नाहीये.

खडूस_सदस्य
"मला वाटतं". 41 लाखांची बोली लावली आणि नोटीस वाचली नाही. शाब्बास.

तुळशीवृंदावन
मला कायद्यातलं कळत नाही पण एक सांगते, लिलावातलं घर घेऊ नये. कुणाचा तरी तळतळाट असतो त्यात. आमच्या नात्यात एकांनी घेतलं, वर्षभरात तिघांची आजारपणं झाली.

गाळेवाला
मावशी, तळतळाट मेहुण्याचा नाही लागला मला, माझाच त्याला लागला असावा, गेला शेवटी. आणि बँकेत ठेवी ठेवणाऱ्यांचे पैसे बुडाले तर त्यांचा तळतळाट नाही का.

माजी_शाखाधिकारी
विषयावर या. अडकलोय, लोन का नाकारलं हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. सगळी मेख तिथेच असणार.

अडकलोय_पुणे
व्हॅल्युएशनवाला जाऊन आला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं प्रत्यक्ष वापर व्यावसायिक. तळमजल्यावरचा फ्लॅट आहे, रस्त्याकडच्या खोलीला शटर लावून तिथे पार्लर चालू आहे. आत जाऊ दिलं नाही त्याला. आता तेवढ्यावरून निवासी कर्ज होणार नाही म्हणे. मला तर फ्लॅट म्हणूनच विकलाय ना बँकेने.

खडूस_सदस्य
हे तिसऱ्या प्रतिसादात लिहायचं असतं महाराज, तेराव्यात नाही.

रेणुका_के
थांबा, हे महत्त्वाचं आहे. मंजूर नकाशात ती खोली काय दाखवलीय? भोगवटा प्रमाणपत्रात? पालिकेच्या टॅक्स पावतीवर निवासी आहे का बिगरनिवासी? लाइटचं मीटर घरगुती का कमर्शियल? चार कागद बघितले की कळेल की फ्लॅटचं बेकायदा दुकान झालंय का मुळात दुकानच होतं. पहिलं असेल तर शटर काढून खोली पूर्ववत केल्यावर दुसरी बँक कर्ज देईल, पण शटर काढायला आधी ताबा पाहिजे आणि ताबा मिळायला सर्टिफिकेट पाहिजे आणि सर्टिफिकेटला पैसे पाहिजेत. गोल फिरतंय ते इथे.

अडकलोय_पुणे
टॅक्स पावती निवासी. मीटर दोन आहेत, एक कमर्शियल. नकाशा नाही बघितला.

कर_सल्ला_फुकट
टीडीएस कापायला विसरू नका. 1 टक्का. नाहीतर नोटीस येते, व्याजासकट वसूल करतात. बँकेच्या पॅनवर कापायचा का कर्जदाराच्या यावर माझं स्वतंत्र मत आहे, सांगतो सविस्तर.

माजी_शाखाधिकारी
41 लाख आहेत. टीडीएस 50 लाखांपासून पुढे. सविस्तर राहू द्या.

कर_सल्ला_फुकट
रेडी रेकनरची (सरकारी दराने होणारी) किंमत 50 च्या वर असेल तर? ती बघितली का कुणी? शिवाय स्टँप ड्युटी. पुण्यात 7 टक्के धरा म्हणजे 2 लाख 87 हजार आणि नोंदणीचे 30 हजार. हे पैसे वेगळे काढून ठेवलेत का यांनी? बायकोच्या नावावर घ्या, 1 टक्का वाचेल.

रेणुका_के
रेकनरचा मुद्दा बरोबर, बघून घ्या. बायकोचं मात्र आता जमणार नाही, बोली ज्याच्या नावाने त्याच्याच नावाने सर्टिफिकेट मिळतं, मध्येच नाव घुसवता येत नाही. आणि ती सवलत फक्त महिलांच्याच नावावर निवासी जागा असेल तर, नवराबायको दोघांच्या नावाला नाही.

लाल_मातीतला
माझा पण एक प्रश्न आहे, इथेच विचारतो वेगळा धागा नको. जिल्हा बँकेने 2 एकर काढलीय विकायला, शेतकरी दाखला नसेल तर घेता येते का?

खडूस_सदस्य
नाही. वेगळा धागा काढा.

लाल_मातीतला
पण एक जण म्हणाला लिलावात चालतं.

खडूस_सदस्य
त्या एक जणाला विचारा मग.

लिलाव_किंग
सर मी अडकलेल्या लिलावांचंच काम करतो. आम्ही ताबा, लोन, सोसायटी सगळं बघतो, 2 टक्के फी. आणि घाबरू नका, पैसे भरलेच नाहीत तरी फक्त अनामत जाते, बाकीचे परत मिळतात.

माजी_शाखाधिकारी
साफ चूक, आणि अशा माणसांमुळेच लोक बुडतात. राखीव किंमत किती होती अडकलोय? अनामत किती?

अडकलोय_पुणे
राखीव 38 लाख. अनामत 10 टक्के म्हणजे 3 लाख 80 हजार, मग दुसऱ्या दिवशी 6 लाख 45 हजार भरले. एकूण 10 लाख 25 हजार.

माजी_शाखाधिकारी
ते पूर्ण 10 लाख 25 हजार जातील. 3.80 नव्हे. नियम 9 उपनियम 5. फेब्रुवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, एक बोलीदार असाच उरलेली रक्कम भरू शकला नव्हता, खालच्या ट्रिब्युनलपासून हायकोर्टापर्यंत बरेचसे पैसे परत द्या असं चाललं होतं, शेवटी कोर्टाने पूर्ण 25 टक्के जप्ती कायम केली. बँकेचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं हे बघायची गरज नाही म्हणाले.

अडकलोय_पुणे
बाप रे. हे मला कोणीच बोललं नव्हतं.

गाळेवाला
बरं आता घाबरून बसू नको. त्या मूळ मालकाने पैसे भरून फ्लॅट सोडवून नेला तर तुझे परत मिळतील, तोपर्यंत चान्स असतो त्याला, सर्टिफिकेट निघेपर्यंत.

रेणुका_के
दादा तो जुना हिशेब. 2016 ला कायदा बदलला, लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवून घ्यायचा हक्क संपला. सप्टेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात एक प्रकरण गेलं होतं, त्यात लिलाव झाल्यावर कर्जदार पैसे घेऊन आला, हायकोर्टाने त्याला परवानगीही दिली, सुप्रीम कोर्टाने ती फिरवून लिलावात घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला.

गाळेवाला
असेल. माझ्या वेळी बँकवालेच तसं सांगायचे. पण डीआरटीतून, म्हणजे कर्जवसुलीच्या ट्रिब्युनलमधून, स्टे आणतातच ना, तो कुठे गेला?

रेणुका_के
तो आहेच. अडकलोय, डीआरटीच्या साइटवर कर्जदाराच्या नावाने केस शोधता येते, 10 मिनिटांचं काम आहे, आत्ता करा. लिलावाची नोटीस 30 दिवसांची दिली नाही, मूल्यांकन चुकलं, असल्या मुद्द्यांवर केस असते. पार्लरवालीही वेगळी जाऊ शकते, भाडेकरू म्हणून. तिचा करार कधीचा आहे? कलम 13(2) ची मागणी नोटीस (थकलेले पैसे भरा म्हणून बँक कर्जदाराला पाठवते ती) गेल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला भाड्याने देता येत नाही. म्हणजे नोटिशीची तारीख आणि कराराची तारीख, या दोन तारखा शेजारी ठेवून बघायच्या.

अडकलोय_पुणे
केस शोधली, एक दिसतेय, पण डिसमिस लिहिलंय. हे चांगलं ना?

माजी_शाखाधिकारी
चांगलं, पण आदेशाची तारीख बघा, वर अपील करायला वेळ असतो. तेही गेलंय का ते बघून ठेवा.

सोसायटी_सेक्रेटरी_त्रस्त
मी सेक्रेटरीच्या बाजूने बोलतो. असे लिलाववाले येतात आणि म्हणतात आधीचा मेंटेनन्स आमचा नाही. फ्लॅटवर सोसायटीच्या थकबाकीचा बोजा असतो, थकबाकी चुकती केल्याशिवाय आमची कमिटी नाव लावत नाही. वर 21 टक्क्यांपर्यंत व्याज. आणि पार्लरच्या विरोधात सोसायटीने चार पत्रं पाठवली असतील नक्की, ती मागून घ्या, तुमच्या कामाला येतील.

अडकलोय_पुणे
सोसायटीत गेलो होतो आज. 4 वर्षांची थकबाकी आहे. आणि हो, पार्लरविरुद्ध पत्रं खरंच आहेत, 3. लाइटचं पण कमर्शियल मीटरवर बाकी आहे पण ते तर पार्लरचं, मला काय.

गाळेवाला
मला काय म्हणू नको. मी पण म्हणालो होतो.

रेणुका_के
2023 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जसं आहे तिथे आहे तत्त्वावर घेतलेल्या जागेची आधीची वीजबाकी नवीन मालकाकडून मागता येते. आकडा लिहून आणा आणि तुमच्या हिशेबात घाला. आणि हा घ्या नमुना, नाहीतर तुम्ही मला झोपेतही विचाराल:

"प्रति, अधिकृत अधिकारी, अमुक बँक, अमुक शाखा. विषय: नियम 9(4) खाली उर्वरित रक्कम भरण्यास मुदतवाढ मिळणेबाबत. संदर्भ: आपले विक्री पुष्टी पत्र दि. 12. मी वरील मालमत्तेचा यशस्वी बोलीदार असून रु. 10,25,000 भरले आहेत. उर्वरित रु. 30,75,000 भरण्यासाठी दि. 27 पासून 45 दिवसांची मुदतवाढ लेखी स्वरूपात मिळावी. मालमत्तेत तिऱ्हाइताचा वापर आढळल्याने कर्ज मंजुरीस विलंब झाला आहे. तसेच प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम 14 खालील अर्ज केला आहे का आणि त्याची स्थिती काय हे लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य काढू नका, ते मी मुद्दाम घातलंय, कलम 14 म्हणजे प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेने जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा अर्ज. पोच घ्या शिक्का मारून.

माजी_शाखाधिकारी
नमुना ठीक आहे. फक्त "तिऱ्हाइताचा वापर" लिहून बँकेला कशाला जागं करायचं, "तांत्रिक कारणाने" लिहा.

रेणुका_के
साहेब जागं करायचंच आहे. उद्या हे माहीतच नव्हतं म्हणायला नकोत.

माजी_शाखाधिकारी
बँकेला सगळं माहीत असतं, फाइलला माहीत नसतं. असो, लिहा.

अडकलोय_पुणे
अपडेट: आज बँकेत गेलो. अर्ज घेतला, शिक्का दिला. साहेब म्हणाले 30 दिवस देऊ पण पत्र वरून येईल, वाढीव दिवसांचं व्याज लागेल. आणि कलम 14 चा आदेश ऑलरेडी झालाय म्हणे जिल्हाधिकाऱ्यांचा, तहसीलदारांची तारीख पडायचीय. हे जाहिरातीत का नाही लिहीत हे लोक? कर्ज त्यांच्याच बँकेतून मिळेल का विचारलं तर म्हणाले मिळेल पण व्यावसायिक म्हणून, रक्कम कमी आणि दर जास्त. घरून 8 लाख जमतील, बाकीचं बघतोय.

खडूस_सदस्य
आदेशाची प्रत मागितली का?

अडकलोय_पुणे
नाही. मागायला हवी होती का?

खडूस_सदस्य
...

रेणुका_के
उद्या सकाळी जा आणि घेऊन या. आणि 27 च्या आत मुदतवाढीचं पत्र हातात पडलं नाही तर रोज जाऊन बसा तिथे.

लाल_मातीतला
माझ्या 2 एकरचं कुणी सांगणार आहे का?

नवा_सभासद_83
छान माहिती. मला पण तो अर्जाचा नमुना हवाय, पाठवाल का?