मदत हवी आहे: अँग्युलर (वेब ॲपचं फ्रेमवर्क) लायब्ररी ॲपमध्ये जोडली की एनजी०२०३ एरर

अर्धविराम:
'एनजी जनरेट लायब्ररी यूआय-किट' चालवून लायब्ररी काढली. आत बटण आणि डायलॉग. बिल्ड स्वच्छ होते. ॲपमध्ये जोडल्यावर बटण दिसतं, डायलॉग उघडला की कन्सोलवर एनजी०२०३, म्हणे इंजेक्ट (लागणारी सर्व्हिस मागवणारं फंक्शन) चुकीच्या जागी वापरलंय. इंजेक्ट क्लासच्या फील्डमध्येच आहे. उद्या डेमो आहे, पटकन सांगा.

टर्मिनलवाला:
जोडली म्हणजे कशी? एनपीएम (पॅकेज मॅनेजर) लिंक, टारबॉल (पॅकेजची एकच बांधलेली फाइल), की एकाच वर्कस्पेसमध्ये टीएसकॉन्फिगच्या पाथ्सवरून? आणि व्हर्जन?

हिरवी_बिल्ड:
पब्लिक-एपीआय.टीएसमध्ये डायलॉगचा एक्स्पोर्ट टाकलाय का? कंपोनंट सीएलआयने ('एनजी' कमांडने) काढला तरी ती ओळ हातानेच लिहावी लागते. निम्मे धागे ह्याच कारणाने निघतात.

टर्मिनलवाला:
एक्स्पोर्ट राहिला असता तर ॲप कंपाइलच झालं नसतं. इथे चालू ॲपमध्ये एरर येतोय.

मोनोरेपोप्रेमी:
एनएक्स (एका रेपोत अनेक प्रोजेक्ट सांभाळायचं टूल) घ्या, ॲप आणि लायब्ररी एकाच रेपोत ठेवा. हे प्रश्नच उरत नाहीत.

अर्धविराम:
@मोनोरेपोप्रेमी उद्या डेमो आहे हो.
@टर्मिनलवाला अँग्युलर १७. ॲपचा रेपो वेगळा आहे, म्हणून लिंक केलं. त्याने काय फरक पडतो?

टर्मिनलवाला:
सगळा फरक त्यानेच पडतो. लिंक म्हणजे सिमलिंक, दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारा शॉर्टकट. बंडलर (सगळा कोड एकत्र बांधणारं टूल) तिचा खरा पत्ता काढतो आणि तिथून वरच्या फोल्डरांत जात नोड_मॉड्यूल्स (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसचा फोल्डर) शोधतो. त्याला लायब्ररीच्या वर्कस्पेसमधला अँग्युलर कोअर सापडतो, ॲप मात्र स्वतःचा वापरतं. कोअरच्या दोन प्रती झाल्या. चालू इंजेक्टर (सर्व्हिस पुरवणारा भाग) कोणता, ही नोंद ॲपच्या प्रतीत होते. डायलॉगमधलं इंजेक्ट दुसऱ्या प्रतीत बघतं, तिथे काहीच नसतं. बटणात इंजेक्ट नसणार, म्हणून ते चाललं.

ॲपच्या अँग्युलर.जेसनमध्ये आर्किटेक्ट > बिल्ड > ऑप्शन्सखाली 'प्रिझर्व्हसिमलिंक्स' ट्रू करा. मग एनजी सर्व्ह बंद करून पुन्हा चालवा, ही फाइल चालू सर्व्हर परत वाचत नाही. आणि लिंक डिस्ट/यूआय-किटमधून केलंय ना? प्रोजेक्ट्स/यूआय-किटमधून केलं असेल तर कच्चा सोर्स जोडला जातो.

हिरवी_बिल्ड:
डेमोच्या आदल्या दिवशी सिमलिंकशी कशाला खेळायचं? 'एनजी बिल्ड यूआय-किट', मग डिस्ट/यूआय-किटमध्ये जाऊन 'एनपीएम पॅक'. टीजीझेड फाइल (टारबॉल) मिळेल, ती ॲपमध्ये इन्स्टॉल करा. पुढे पब्लिश केल्यावर हेच होणार आहे, मग आत्ताच तसं तपासा.

टर्मिनलवाला:
शेवटच्या तपासणीला उत्तम. पण बटणाचा रंग बदलला की बिल्ड, पॅक, इन्स्टॉल, कोण करत बसणार? वर तोच व्हर्जन ठेवला तर कॅशेमुळे जुना कोड दिसू शकतो. व्हर्जन वाढवा, नाहीतर 'एनजी कॅशे क्लीन'. काम चालू असताना लिंक आणि 'एनजी बिल्ड यूआय-किट --वॉच --कॉन्फिगरेशन डेव्हलपमेंट' बरं. फक्त ही डेव्हलपमेंट बिल्ड पब्लिश करू नका. पब्लिशला पार्शल कंपाइल (अर्धवट, उरलेलं ॲपच्या बिल्डमध्ये) झालेलं लागतं, ते प्रॉडक्शनमध्येच होतं.

नवखा_७:
विषय निघालाच आहे तर, सगळ्या सिलेक्टरना (कंपोनंटच्या टॅगच्या नावांना) पुढे 'लिब-' लागतंय, ते कुठे बदलायचं?

हिरवी_बिल्ड:
लायब्ररी काढतानाच '--प्रीफिक्स' द्यायचा. आता अँग्युलर.जेसनमध्ये त्या प्रोजेक्टचा प्रीफिक्स बदला, पण तो नव्या कंपोनंटनाच लागेल. जुने हाताने.

अर्धविराम:
सिमलिंकवालं केलं, डायलॉग उघडला. पण आतला बंद करायचा आयकॉन ४०४ (फाइल सापडत नाही). एसव्हीजी प्रोजेक्ट्स/यूआय-किट/असेट्समध्ये ठेवलाय.

टर्मिनलवाला:
लायब्ररीच्या बिल्डमध्ये असेट्स आपोआप येत नाहीत. एनजी-पॅकेज.जेसनमध्ये 'असेट्स' खाली तो फोल्डर लिहा, पुन्हा बिल्ड करा. ॲपच्या अँग्युलर.जेसनमध्येही नोड_मॉड्यूल्स/यूआय-किट/असेट्स हा इनपुट म्हणून द्यावा लागेल. एका फुलीच्या आयकॉनसाठी एवढं नको, एसव्हीजी सरळ टेम्प्लेटमध्ये चिकटवा.