मदत हवी आहे: मिलिटरी डिस्पोजलचा फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारा) ट्रक शेतीच्या कामाला घ्यावा का? (जालना)

मोसंबी_अंबड

राम राम मंडळी. अंबड तालुक्यात तीन एकर मोसंबी आहे. डांबरी रस्त्यापासून बागेपर्यंत दीड किलोमीटर पाणंद, सगळी काळी माती, मधे एक ओढा. उन्हाळ्यात पाणी बाहेरून आणावं लागतं. पावसाळ्यात खत आत न्यायचं आणि माल बाहेर काढायचा म्हटलं की ट्रॅक्टर-ट्रॉली ओढ्याच्या चढाला बसते. म्हणून लष्कराच्या लिलावातला स्टॅलियन (अशोक लेलँडचा लष्करी ट्रक) घ्यायचा विचार आहे. भाडं मारायचं नाही, फक्त घरचं काम.

एका यार्डात एक गाडी उभी आहे. मालक म्हणतो, "गाडी घेऊन जा, कागद नंतर करून देतो." माझं लायसन एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं आहे. कागद कोणते लागतात, गाडी बघताना नेमकं काय बघायचं आणि हौद्यात ५००० लिटरची टाकी बसेल का, हे जाणकारांनी सांगावं.

कागद_आधी

भाऊ, यार्डवाल्याला एक रुपयाही टोकन देऊ नका. आधी हे वाचा.

लष्कराची गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराकडेच नोंदलेली असते. वर बाण असलेला नंबर तोच. गाडी लष्कराच्या मालकीतून बाहेर पडली की तो नंबर संपतो आणि कलम ३९-४० प्रमाणे तुमच्या आरटीओत नव्याने नोंदणी करावी लागते. जालन्याची एमएच-२१. त्यासाठी फॉर्म २० चा अर्ज आणि सोबत मूळ फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला. लिलावाच्या गाडीला हा दाखला संरक्षण खात्याचा अधिकारी देतो, डीलर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम ४७ मध्ये माजी लष्करी गाडीसाठी हा मूळ दाखला स्पष्ट मागितला आहे. झेरॉक्स चालत नाही. दाखल्यावरचा चॅसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचं साल आणि खरेदीदाराचं नाव हे चारही जुळले तरच पुढे जा.

आता सगळ्यात मोठी मेख. १ एप्रिल २०२३ पासून नियम ५२अ लागू आहे. त्यानुसार १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे चालत नाही आणि तिची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच लावायची असते. सूट आहे ती संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातल्या खास गाड्यांना. त्यामुळे लिलावात दोन जातीचे लॉट (एकत्र विकायचे गट) दिसतात. एक रस्त्यावर वापरण्यासाठी विकलेली गाडी, दुसरी फक्त मोडीत काढण्यासाठी. दुसऱ्या जातीतली गाडी स्वस्त पडते, चालूही असते, पण तिला नंबर कधीच मिळत नाही. ती तुमच्या शिवारात उभी राहणार आणि ओढा ओलांडून डांबरीवर आली की पकडली जाणार. एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या पोर्टलवर प्रत्येक लॉटखाली अटींची पीडीएफ असते. कोण बोली लावू शकतो आणि गाडी कशासाठी विकली जाते, ते तिथे लिहिलेलं असतं. फोटो बघण्याआधी ती पीडीएफ वाचा.

बोली बहुतेक वेळा जीएसटी वगळून असते आणि माल "आहे तसा, आहे तिथे". डेपोतून गाडी चालवत आणता येत नाही. एकतर कलम ४३ ची तात्पुरती नोंदणी आणि विमा घ्या, नाहीतर लो-बेड ट्रेलरवर लादून आणा. परराज्यातून आणत असाल आणि किंमत ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिल लागतं.

"भाडं मारत नाही, म्हणजे गाडी खाजगी" हा गैरसमज जवळजवळ सगळ्यांचा असतो. माल वाहायला बांधलेली गाडी कायद्याने मालवाहूच. एकूण वजन ३००० किलोच्या वर असेल तर घरच्या मालालाही परमिट लागतं, आणि फिटनेस, विमा, पीयूसी वेगळे. मालवाहू गाडीला ८ वर्षं झाली की आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे आणि फिटनेस दरवर्षी. हा खर्च गाडीच्या किमतीत आधीच धरा.

आणखी एक. नियम १२१ प्रमाणे हिरवा लष्करी रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. नोंदणीच्या आधी रंग बदला, बाणाची नंबर प्लेट खरवडून काढा. फिटनेसला मागचं व बाजूचं संरक्षक लोखंड आणि रिफ्लेक्टर पट्ट्या बघतात. लष्करी गाडीला या गोष्टी नसतात, त्या बसवून घ्याव्या लागतात.

लायसन_बाबत

दादा, एलएमव्हीवर स्टॅलियन चालवता येणार नाही. मर्यादा ७५०० किलो एकूण वजनाची आहे आणि स्टॅलियन त्याच्या बरीच वर जाते. मात्र ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालते, वेगळी नोंद लागत नाही. म्हणून टाटाची अडीच टनी एलपीटीए ७१३ बघा. नावातला ७ हा सात टनांकडे बोट दाखवतो, पण निर्णय चॅसिसच्या प्लेटवरचा आकडा बघूनच घ्या. स्टॅलियनच हवी असेल तर जड वाहनाचं लायसन काढा. त्यासाठी एलएमव्ही काढून किमान एक वर्ष झालेलं लागतं.

पंप_नोझल

गाडी बघताना इंजिनपेक्षा ट्रान्सफर बॉक्स (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना जोर वाटून देणारा डबा) आणि पुढचा धुरा जास्त बघा. इंजिनाचे पार्ट बाजारात मिळतात, कारण तेच इंजिन सिव्हिल गाड्यांतही असतं. ट्रान्सफर बॉक्स, पुढच्या चाकातले जॉइंट आणि त्यांचे सील हे दुकानात मिळत नाहीत, मोडीतल्या दुसऱ्या गाडीतून शोधावे लागतात. एक पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. पुढचा शाफ्ट सोबत फिरला पाहिजे आणि खटखट येता कामा नये. शाफ्टच फिरत नसेल किंवा काढून नेलेला असेल, तर तुम्ही फोर-बाय-टूच, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेताय असं समजा. डेपोत जॅक लावू देतीलच असं नाही. तिथे निदान खाली झोपून टॉर्चने बघा: शाफ्ट जागेवर आहेत का, चाकाच्या गोळ्यावरून ग्रीस-ऑइल ओघळलंय का.

डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. खात्री करायची असेल तर दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाका. तडतडलं की पाणी आहे. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर बॉक्सच्या ऑइललाही हीच परीक्षा, कारण लष्करी गाडी पाण्यातून गेलेली असू शकते. धुऱ्यावरचा ब्रीदर (आतली हवा सोडणारं तोंड) चिखलाने बुजला की आतला दाब सील ढकलून ऑइल बाहेर काढतो. सील नवीन टाकूनही गळत असेल तर पहिला संशय ब्रीदरवर घ्या.

टायरवर नक्षी भरपूर दिसेल, पण गाडी वर्षानुवर्षं उभी असते. कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. १४१५ म्हणजे २०१५ चा चौदावा आठवडा. जुनं रबर बाजूने फाटतं. स्टॅलियनला १२.००-२० चे टायर आहेत, मागेही एकेकच, त्यामुळे साध्या ट्रकचा टायर तिथे चालत नाही आणि मिळवायला वेळ लागतो. रिम लॉक-रिंगची (टायर धरणारी सुटी लोखंडी कडी असलेली) असेल तर चाक उतरवण्याआधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, आणि हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवा. गावच्या पंक्चरवाल्याकडे पिंजरा नसेल तर हे काम त्याला देऊ नका. रिंग उडाली तर माणूस जागेवर जातो.

उभी गाडी चालू करण्याचा क्रम असा:

१. टाकी रिकामी करून धुवा. तळाला काळा गाळ निघतोच. दोन्ही डिझेल फिल्टर आणि सगळे रबरी पाइप बदला.

२. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या नटाला पाना लावा आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका, नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल-ऑइल सोडून एक रात्र थांबा.

३. ऑइल-फिल्टर बदला, हँड प्राइमरने बुडबुडे संपेपर्यंत हवा काढा.

४. स्टॉप ओढलेला ठेवून सेल्फ मारा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ नको.

५. एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि एकाच्या हातात इनटेक झाकेल एवढी जाड फळी द्या. उभ्या गाडीत डिझेल पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकलेली असू शकते. इंजिन स्वतःहून चढत गेलं तर चावीने बंद होत नाही, हवा तोडूनच बंद होतं. हात किंवा फडकं लावू नका, आत ओढलं जातं.

सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी तेच ऑइल पुन्हा काढून टाका. मग हवेच्या ब्रेकचा दाब पूर्ण भरून इंजिन बंद करा, जोडांवर साबणाचं पाणी लावा. ब्रेक चेंबरचे डायाफ्राम आणि होज सरसकट बदला.

वायरिंग २४ व्होल्टचं असतं, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. एकाच बॅटरीवरून टेप किंवा पंप जोडला की ती उतरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लावा. हेडलाइट लागत नसतील तर वायर कापत बसू नका, आधी लाइटचा मुख्य खटका बघा. त्यात ब्लॅकआउटची, म्हणजे नेहमीचे दिवे बंद ठेवण्याची जागा असते. मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग आणि वर छोटा दिवा दिसला तर तो कॉन्व्हॉय लाइट आहे, ताफ्यातल्या मागच्या गाडीला दिसावा म्हणून.

मोसंबी_अंबड

सगळ्यांचे मनापासून आभार. यार्डातल्या गाडीचे कागद मागितले. फॉर्म २१ ची झेरॉक्स दाखवली, तीही एका स्क्रॅप कंपनीच्या नावाची. चॅसिसवरची प्लेट नाही. आणि टाकीचं काय? ५००० लिटर?

कागद_आधी

ती गाडी सोडा भाऊ. नाव स्क्रॅप कंपनीचं, म्हणजे ती मोडीतच विकली गेलीय. प्लेट नसणं हे त्याहून वाईट. आरटीओ चॅसिसवर कोरलेल्या नंबराचा पेन्सिलने छाप घेतं, तो दाखल्याशी जुळावा लागतो. दुसऱ्या राज्यात आधीच नोंदलेली गाडी कोणी दाखवली तर गोष्ट वेगळी. तिथे परिवहनच्या साइटवर आरसी तपासा, मग फॉर्म २८ ची एनओसी आणि २९-३० वर नावबदल.

शिवार_परतूर

५००० लिटर पाणी म्हणजे ५००० किलो, वर लोखंडी टाकीचं वजन. स्टॅलियनची आडवाटेची क्षमता ५ टन आहे, डांबरीवरची साडेसात. पाणंदीत ५ टनांचाच हिशेब धरा, म्हणजे ४००० लिटर. अडीच टनीत २०००. टाकीत आडवे पडदे हवेतच. अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी उतारावर पुढे धावतं, आणि या गाड्या आधीच उंच असतात. ओढ्यात उतरताना टाकी एकतर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवा. टाकी हौद्यात बांधून नेली तर तो माल. हौदा काढून कायमची बसवली तर कलम ५२ प्रमाणे मंजुरी आणि आरसीवर नोंद.

पण मुळात पाण्यासाठी ट्रक घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. २० बाय २० फुटांवर एकरी १०८ झाडं धरली आणि झाडाला ४० लिटर दिलं तर एकरी ४३२० लिटर, तीन एकराला जवळपास १३,००० लिटर. दोन हजारी टाकीने सात खेपा. तेवढंच पाणी रस्त्याकडेच्या हौदातून एचडीपीई पाइपने एका पंपावर जातं. मधल्या शेतकऱ्यांची अडचण असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलमध्ये अर्ज करता येतो. खत आणि फळांसाठी मात्र फोर-बाय-फोर खरंच उपयोगी आहे.

काळ्या मातीबद्दल एक सांगतो. वाफसा नसताना फोर-बाय-फोरही हरते. चिकट माती नक्षीत भरली की टायर गुळगुळीत होतो, मग चारही चाकं एकाच जागी खड्डा करतात. हवा पाव हिश्शाने कमी करा, लो रेंजमध्ये दुसऱ्या गिअरला एकाच वेगाने जा, मधे थांबू नका. बाहेर आल्यावर हवा भरा. बागेच्या ओळीत तर भरलेला ट्रक घालूच नका, जमीन दबते आणि मोसंबीच्या मुळांशी पाणी साचतं. पाणंद आणि बांधापर्यंतच न्या. ओढा संपून डांबरीवर आलात की पुढचा धुरा लगेच सोडवा. कोरड्या डांबरीवर चारही चाकं जोडलेली राहिली तर वळणावर पीळ बसतो, टायर झिजतात आणि ट्रान्सफर बॉक्स मोडतो. लिव्हर अडकली तर दोन-चार मीटर सरळ मागे घ्या, पीळ सुटतो.

मोसंबी_अंबड

पाइपलाइनचं पटलं. पाण्यासाठी तेच करतो. ट्रक अडीच टनीच बघतो, लिलावातून, वापरासाठी विकलेला लॉट असेल तरच. पाहणीच्या दिवशी सोबत काय न्यावं?

पंप_नोझल

एक फिटर, लॉटच्या अटींची प्रिंट, टॉर्च, आरसा, वायर ब्रश, खडू, दोन मीटर पारदर्शक नळी, चार रिकाम्या छोट्या बाटल्या. ब्रशने चॅसिस नंबर साफ करून खडू फिरवा म्हणजे आकडे उठून दिसतात, फोटो काढा. डिपस्टिकच्या भोकातून नळीने थोडं ऑइल काढता आलं तर बाटलीत घ्या. परवानगी विचारूनच. लॉटमध्ये पाच गाड्या असतील तर पाचही बघा, लॉट फोडून मिळत नाही. सेल्फ, अल्टरनेटर, इंजेक्शन पंप, दोन्ही शाफ्ट आणि स्टेपनी, हे पाच जागेवर आहेत की नाही ते प्रत्येक गाडीपुढे लिहून घ्या आणि त्यावरून बोलीचा आकडा घरीच ठरवा.

मोसंबी_अंबड

लिहून घेतलं. लॉटची पीडीएफ हाती आली की अटींचं पान इथे टाकतो, कागद_आधी भाऊंनी एकदा नजर टाकावी.

कागद_आधी

टाका. खरेदीदाराची पात्रता आणि फॉर्म २१ कोण, किती दिवसांत देणार, ही दोन कलमं आधी दाखवा.