गोकाकच्या फोटोतलं पांढरंफटक पाणी

‘कसा वाटला?’ असं विचारत तुम्ही इथे टाकलेला, एडिट केलेला गोकाक धबधब्याचा फोटो मोठा करून पाहिला. वरच्या प्रतिक्रियांत दोघांनी ‘डीहेझ (धुरकटपणा कमी करणारी पट्टी) वाढवा’ असं सुचवलंय, पण ते शेवटी करा आणि १०-१५ च्या पुढे नेऊ नका. नाहीतर कड्याच्या कडेने पांढरी रेघ उमटते, आभाळात दाणे दिसतात.

आधी फोटो सरळ करा. झुलत्या पुलाला प्रमाण मानू नका, तो मधे वाकलेलाच असतो. काठावरच्या देवळाची भिंत उभी धरा.

खरी अडचण पाण्याची आहे. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या, म्हणजे उजळ टोकाला चिकटलाय. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर फक्त पाण्यावर मास्क घेऊन, म्हणजे तेवढाच भाग निवडून, हायलाइट्स (सर्वांत उजळ भागांची पट्टी) -६० पर्यंत आणा, एक्स्पोजर (एकूण उजेड) अर्धा स्टॉप, म्हणजे पट्टीवर ०.५, कमी करा. धारांमधला पोत परत आला तर उत्तम. तिन्ही रंगांची माहितीच उडाली असेल तर नुसता राखाडी डाग येतो, मग तो भाग सोडून द्या. जेपीईजीत, म्हणजे नेहमीच्या दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये, फारसं हाती लागत नाही.

आणि ते निळं पाणी! पावसाळ्यात इथली घटप्रभा नदी चहासारखी गढूळ असते, तो रंग तसाच राहू द्या. व्हाइट बॅलन्स (फोटोतली निळी-पिवळी झाक ठरवणारी पट्टी) ६००० केल्विनच्या आसपास ठेवून फेसाकडे बघा; निळसर झाक गेली की थांबा. हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) मात्र थोडं उतरवा, झाडी प्लास्टिकची वाटतेय.

पुढच्या वेळी मूळ फोटो शेजारी लावा आणि ‘कसा वाटला?’ऐवजी ‘नजर आधी कुठे गेली?’ असं विचारा.