परिघीय की परिधीय? आणि ‘अनुकंपी’चे काय करावे?

तळटीप:
परिचारिका अभ्यासक्रमासाठी औषधशास्त्राची एक प्राथमिक पुस्तिका मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. तिचे पहिले प्रकरण मेंदू आणि मेरुरज्जू यांच्या बाहेर पसरलेल्या चेतांविषयी आहे, कारण रक्तदाब, दमा, काचबिंदू यांवरील कितीतरी औषधांचे कार्य तिथेच चालते. शालेय पाठ्यपुस्तकाला अनुसरून मी ‘परिघीय चेतासंस्था’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या बाईंनी ते सर्वत्र ‘परिधीय’ केले आणि समासात “परिघ म्हणजे अडसर” एवढाच शेरा मारला. कोणता शब्द ठेवावा? शिवाय आपोआप चालणाऱ्या, म्हणजे स्वायत्त, चेतासंस्थेच्या दोन शाखांच्या नावांची ‘अनुकंपी’ (सिंपथेटिक) आणि ‘परानुकंपी’ (पॅरासिंपथेटिक) ही जोडी विद्यार्थिनींना कळेल का, हीही शंका आहे.

जुनी पोथी:
बाईंचा शेरा योग्य आहे. संस्कृतात परिघ म्हणजे दाराला आडवा घालायचा लोखंडी अडसर. वेढा, कुंपण किंवा सूर्याभोवतीचे खळे यांना परिधी म्हणतात. मला मात्र त्याहून अधिक ‘चेता’ खटकते. आमच्या पिढीला मज्जासंस्था आणि मज्जातंतू हे शब्द पुरेसे होते, वर्तमानपत्रांना ते आजही पुरतात.

मात्रा:
मी औषधशास्त्र शिकवतो, म्हणून सांगतो की ते पुरत नाहीत. मज्जा हा सप्तधातूंपैकी हाडांतला धातू, आणि त्याच अर्थाने आपण अस्थिमज्जा म्हणतो. कर्करोगावरील काही औषधे अस्थिमज्जेलाही दाबतात आणि हातापायांच्या चेतांनाही इजा करतात. अशा औषधाचे दुष्परिणाम एका परिच्छेदात लिहून पाहा, म्हणजे मज्जा कुठली हे प्रत्येक ओळीत स्पष्ट करावे लागेल.

सांधेजोड:
संस्कृत कोश हा मराठीचा न्यायाधीश नव्हे. वर्तुळाचा परीघ काढलेल्या मुलाला परिघीय म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. शरीराचे शब्द तर नेहमीच घसरत आले आहेत: स्नायू हा शब्द आयुर्वेदात बांधून ठेवणाऱ्या तंतूंसाठी होता, मराठीत तो मांसाचा झाला आणि बंगालीत चेतेचा. ग्रीकांच्या न्यूरॉनचाही मूळ अर्थ कंडरा असाच होता. आपल्याकडे रक्त काढताना सापडत नाही तीही नस आणि कंबरेत दबते तीही नसच.

जुनी पोथी:
घसरण झाली म्हणून तिचे समर्थन करावे, असे नाही. ‘अनुकंपी’ मात्र मला निर्दोष वाटतो. अनु आणि कंप. भीतीने काळीज थरथरते तेव्हा हीच यंत्रणा जागी असते.

मात्रा:
थरथरीचा तो अर्थ विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. अनुकंपा म्हटले की त्यांना वडिलांच्या पश्चात अनुकंपा तत्त्वावर मिळणारी सरकारी नोकरी आठवते. मग ठोके वाढवणारी, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणारी आणि आतड्यांची हालचाल मंदावणारी यंत्रणा कोणावर दया करते, असा प्रश्न हमखास येतो. ‘परानुकंपी’चे तर ते ‘परक्यावरची अनुकंपा’ करून टाकतात.

सांधेजोड:
पोथीकारांची व्युत्पत्ती यंत्रणेला नव्हे, पण नावाच्या इतिहासाला लागू पडते. एका अवयवाचे दुखणे दुसऱ्याने सोबत भोगावे, ही कल्पना प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनपासूनची आहे; तिच्याच आधारे शरीररचनाशास्त्रज्ञ विन्स्लोने 1732 मध्ये कण्याच्या दोन्ही बाजूंच्या साखळीला ‘सिंपथेटिक’ म्हटले. दुसऱ्यासह कंपणे हे त्याचे चोख भाषांतर आहे. ‘पॅरासिंपथेटिक’ हे केंब्रिजच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्लीने 1905 च्या सुमारास रूढ केलेले नाव. त्यातला ग्रीक ‘पॅरा’ म्हणजे शेजारचा, आपला ‘परा’ म्हणजे दूरचा किंवा उलटा. घोटाळा ध्वनिसाम्यामुळे झाला आहे. ‘उपानुकंपी’ का नको?

मात्रा:
नाव बदलले तरी मूळ अडचण उरतेच, आणि ती शब्दांची नाही. ऐच्छिक स्नायूकडे मेरुरज्जूपासून एकच चेतापेशी थेट जाते. स्वायत्त भागात बहुधा दोन असतात आणि मध्ये गुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा पुंजका. गुच्छिकेत दोन्ही शाखा ॲसिटिलकोलीन हे निरोप वाहणारे रसायनच सोडतात. फरक पुढच्या टोकाशी पडतो, जिथे अनुकंपी चेता बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनॅलिन सोडते आणि परानुकंपी पुन्हा ॲसिटिलकोलीन. ‘बहुतेक’ म्हणालो, कारण घामाच्या ग्रंथींकडे जाणारी चेता रचनेने अनुकंपी असूनही ॲसिटिलकोलीन सोडते. म्हणूनच ॲसिटिलकोलीनचे काम अडवणाऱ्या ॲट्रोपिन या औषधाने, किंवा धोतऱ्याच्या विषबाधेत, तोंडाबरोबर त्वचाही कोरडी पडते. ॲट्रोपिनला ‘परानुकंपीरोधक’ म्हणून शिकवले, तर घाम का थांबला याचे उत्तर विद्यार्थ्याला त्या नावातून कधीच मिळणार नाही. औषधशास्त्रज्ञ हेन्री डेलने 1933 मध्ये चेतांना त्या सोडत असलेल्या रसायनावरून नावे द्यावीत असे सुचवले, त्यामागे हीच निकड होती. औषध चेतेचे कूळ विचारत नाही, ग्राही (रसायन जिथे जाऊन बसते ती पेशीवरची जागा) पाहते.

वऱ्हाडकर:
2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकऱ्यांना विषबाधा झाली, तेव्हा ‘मज्जासंस्थेवर परिणाम’ एवढेच छापून येत होते. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक नेमके काय करते?

मात्रा:
ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर ते निकामी करते, त्यामुळे ते रसायन सर्वच टोकांशी साचत जाते. लाळ, अश्रू आणि घाम वाहतात, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वासनलिका स्रावाने भरतात. हे सारे ॲसिटिलकोलीनच्या दोन प्रकारच्या ग्राहींपैकी मस्करिनी ग्राहींमुळे होते आणि ॲट्रोपिन ते रोखते. ऐच्छिक स्नायूंवरील ग्राही निकोटिनी असल्यामुळे त्यांच्या दुर्बलतेवर ॲट्रोपिन चालत नाही. छाती कोरडी झालेल्या रुग्णाचाही श्वास थकू शकतो, हे परिचारिकेला ठाऊक हवे.

कोकणवाट:
आमच्याकडचे उदाहरण लाल विंचवाचे. त्याचे विष चेतांमधील सोडियमचे मार्ग वेळेवर मिटू देत नाही, म्हणून स्वायत्त संस्थेच्या दोन्ही शाखा एकदम पेटतात: आधी घाम, लाळ, उलटी, मग चढलेला रक्तदाब आणि फुप्फुसांत साचणारे पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980 च्या दशकात नॉरॲड्रेनॅलिनचे अल्फा ग्राही अडवणारे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले. अल्फा आणि बीटा हे ग्राहींचे भेद औषधशास्त्रज्ञ अलक्विस्टने 1948 मध्ये मांडले होते. त्या अक्षरांचे मराठीकरण कोणी मागितले नाही, यातच काय ते आले.

जुनी पोथी:
अक्षरे राहू द्यावीत. पण मस्करिनी आणि निकोटिनी यांत मराठीपण काय? एक माश्या मारणाऱ्या अळंबीवरून आलेला, दुसरा तंबाखूवरून. सरळ ‘अळंबीग्राही’ आणि ‘तंबाखूग्राही’ म्हणावे.

सांधेजोड:
निकोटिनमध्ये झॉं निको हा सोळाव्या शतकातील फ्रेंच राजदूत दडलेला आहे, आणि तंबाखू हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. एका परदेशी पाहुण्याला बाहेर काढून त्याच जहाजावरच्या दुसऱ्याला घरात घेण्याने शुद्धी कशी होते, ते समजावून सांगावे.

जुनी पोथी:
तंबाखूने इथे चारशे वर्षे काढली आहेत. त्याला पाहुणा म्हणणाऱ्याने बटाटाही सोडावा.

तळटीप:
पुस्तिका छपाईला द्यायची आहे. ‘ग्राही’वर तरी सर्वांचे एकमत आहे का?

जुनी पोथी:
‘ग्राहक’ का नको?

मात्रा:
कारण तो औषधाच्या दुकानात उभा असतो.