20 च्या आत माणसं ठेवून पीएफ टाळणं परवडतं का?

हिंगणा_गाळा:
पीएफ 20 माणसांपासून लागतो, त्याच्या आत राहणं माझ्या मते परवडतं. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतलं फॅब्रिकेशनचं युनिट घ्या. हजेरीपटावर 16 माणसं, ईएसआय (कामगार राज्य विमा) 10 माणसांनाच लागलेलं, रंगकामाची 5 माणसं ठेकेदाराची. बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 14,000 असेल तर पीएफचे मालकाकडून 12 टक्के म्हणजे 1,680, वर विम्याचे 70 आणि प्रशासन शुल्काचे 70. माणसामागे 1,820, ईएसआयचे 455 वेगळे. जॉबवर्कचा, म्हणजे मोठ्या कंपनीसाठी करून दिलेल्या कामाचा दर किलोवर ठरतो, त्यात हे कुठं बसवायचं? कामगाराच्याही हातात पीएफ 1,680, ईएसआय 105 आणि व्यवसाय कर 200 कापून 12,015 उरतात. शेजारच्या गाळ्यात रोख 14,000 मिळाले की तो तिकडे जातो.

श्रमकायदा_धंतोली:
भाऊ, मोजणीच चुकली. ठेकेदाराची माणसं तुमच्या आवारात तुमचंच काम करतात, ती धरली जातात. 16 आणि 5, झाले 21. हे युनिट आजच पीएफखाली आहे, आणि पुढे संख्या 15 वर आली तरी सुटका नाही.

खरा फटका मागच्या थकबाकीचा. त्या त्या महिन्याच्या पगारातून न कापलेला कामगाराचा हिस्सा नंतर कापता येत नाही, दोन्ही हिस्से मालकाच्याच अंगावर. 1,680 आणि 1,820 मिळून माणसामागे 3,500. 21 माणसं, 24 महिने : 17,64,000. त्यावर सालाना 12 टक्के व्याज आणि नुकसानभरपाई वेगळी.

लेखापाल_इतवारी:
मोजणी मान्य. पण खरोखर 12-15 माणसं असलेल्यांनी स्वेच्छेने पीएफ घ्यावा, असा जो सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, त्याला माझा विरोध आहे. पैशापेक्षा कागदच जास्त छळतात. बालाघाट-शिवनीकडचा कामगार येतो, आधारवर नाव एक, बँकेत दुसरं, जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. यूएएनला (कामगाराचा पीएफ क्रमांक) चेहरा पडताळणी लागते, ती अडते. पीएफ भरण्याचं चलान मात्र 15 तारखेच्या आत गेलंच पाहिजे. तोवर माणूस धान कापणीला गावी गेलेला असतो. चार महिन्यांत सोडलं की मालकाच्या 12 टक्क्यांतले पेन्शनचे 8.33 टक्के बुडाले, मग त्याला काय मिळालं?

श्रमकायदा_धंतोली:
बुडत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या नोकरीलाही पेन्शन खात्यातली रक्कम काढता येते, जून 2024 ची दुरुस्ती आहे. नावाचा घोळ टाळायचा तर रुजू होण्याच्या दिवशीच आधार आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा, दुरुस्ती आधी, हजेरी नंतर. आणि पीएफसोबतचा विमा विसरू नका. सेवेत असताना कामगार गेला तर घरच्यांना 7 लाखांपर्यंत मिळतात. महिना 70 रुपयांत असं संरक्षण दुसरीकडे नाही.

हिंगणा_गाळा:
मग बेसिक 7,000 दाखवून बाकी भत्त्यात टाकले तर? निम्मा बोजा कमी.

लेखापाल_इतवारी:
इथे मात्र मी तुमच्या विरोधात. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्येच सांगितलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनात परत मोजला जातो. ग्रॅच्युइटीचा हिशेबही मग त्याच वाढलेल्या वेतनावर.

कामगार_बाजू:
ईएसआयवरही बोला. 9 माणसांवर थांबणारे कितीतरी आहेत. प्रेस मशीनवर 40 वर्षांचा माणूस दगावला आणि ईएसआय नसलं, तर भरपाई वेतनाच्या निम्म्याला वयाच्या गुणकाने गुणून निघते : 7,000 गुणिले 184.17, म्हणजे 12,89,190. तीही मालकाच्या खिशातून. ईएसआय असेल तर हीच जबाबदारी महामंडळाची, आणि आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं ते वेगळं.

श्रमकायदा_धंतोली:
हिंगणा_गाळा, आजपासून एवढं करा. ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याच्या पीएफ-ईएसआय चलानासोबत नावांची यादीही मागा, नुसती रक्कम पुरत नाही. यादीतली नावं गेट रजिस्टरशी ताडा. यादीत 3 आणि गेटवर 5 दिसले, तर उरलेल्या दोघांचा भरणा मूळ मालक म्हणून तुमच्यावर येतो. तेवढी रक्कम बिलातून रोखून ठेवा.

हिंगणा_गाळा:
यादी मागतो. दराचा प्रश्न मात्र तसाच आहे. मोठी कंपनी जॉबवर्कच्या दरात हे 13 टक्के धरत नाही, तोवर छोट्या गाळ्याने ते आणायचे कुठून?