सपोझिटरी, वर्ती आणि घरातली वात

सपोझिटरीला, म्हणजे गुदद्वारातून किंवा योनिमार्गातून आत ठेवायच्या लांबट घट्ट औषधाला, मराठीत काय म्हणायचं? शासकीय छापाचं ‘गुदवर्ती’ अवघड वाटतं, म्हणून सोपा शब्द हवा, असं कोणी म्हणालं की मी ‘वर्ती’ची बाजू घेतो. हा शब्द परका नाहीच, तो रोज आपल्या देवघरात असतो.

संस्कृत ‘वर्ति’ म्हणजे वळून लांबट केलेली वस्तू. मूळ धातू ‘वृत्’, म्हणजे फिरणे, वळणे. ‘वर्ति’ची प्राकृतात ‘वत्ती’ झाली आणि मराठीत ‘वात’. हिंदीतली ‘बत्ती’ तीच. आपण वाती ‘वळतो’, आणि वैद्यही औषधाचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा, वळूनच वर्ती करत. ही वात स्त्रीलिंगी. वात, पित्त, कफ यांतला ‘तो’ वात वेगळा, तो ‘वा’ म्हणजे वाहणे या धातूचा.

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या २६व्या अध्यायात उदावर्तावर, म्हणजे वायू उलटा फिरून मळ अडतो त्यावर, वर्ती सांगितली आहे. दंती, त्रिवृत, पिंपळी वगैरे औषधी वनस्पती गोमूत्रात वाटून गुळात वळायची. माप दिलं आहे ‘कराङ्गुष्ठनिभा’, हाताच्या अंगठ्याएवढी. अशा वर्तीला ‘फलवर्ती’ही म्हणतात, त्यातलं फळ म्हणजे मदनफळ, आपलं गेळफळ. ‘फुलवात’शी त्याचा संबंध जोडू नये.

पण नुसतं ‘वर्ती’ म्हटलं तर जागा कळत नाही. चंद्रोदया वर्ती डोळ्यांसाठी उगाळतात, धूमवर्तीचा धूर घेतात. म्हणून गुदवर्ती, योनिवर्ती असं जोडूनच म्हणावं. बस्ती, म्हणजे आयुर्वेदातला एनिमा, मात्र निराळी. तिथे औषध पातळ असतं, आणि बस्ती म्हणजे मुळात मूत्राशय, कारण जनावराच्या मूत्राशयाची पिशवी त्यासाठी वापरत.

इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला, अर्थ ‘खाली ठेवायचं ते’. त्यात फक्त जागा आहे. आपल्या शब्दात आकार आहे, तो मला जास्त आवडतो. कोकोच्या लोण्याची वर्ती साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते आणि शरीर ३७ अंशांचं, म्हणून ती आत गेल्यावर विरघळते.

आमच्या आजीच्या तोंडी ‘साबणाची वात’ होती. तान्ह्या बाळाला शी होत नसली की ती करत, नाहीतर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून. साबणाने आतली त्वचा चुरचुरते, तो उपाय आता करू नये. शब्द मात्र अगदी बरोबर होता.

सोपा शब्द म्हणून ‘गुदगोळी’ म्हणायला मात्र माझा ठाम विरोध आहे. गोळी म्हटलं की माणूस पाण्याचा पेला शोधतो, आणि सपोझिटरी गिळायची नसते.